पाळण्यापाशी मरणाची भाषा

गेल्या कार्तिकीहून परतताना आम्ही एका गावी बारशासाठी थांबलो. घर तीन पिढ्यांच्या वारीचे. पाळणा म्हणून झाला, घुगऱ्या वाटल्या, बायाबापड्या माजघरात गेल्या. तेव्हा बाळाचा बाप आमच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "महाराज, एक विचारू का? लेकरू झालंय, तर मृत्युपत्र करून ठेवावं असं मनात येतं. पण आई म्हणते, पाळण्यापाशी मरणाची भाषा नको. अन् गळ्यात माळ घालून उद्याची चिंता करायची, हा पांडुरंगावरचा अविश्वास नव्हे का?"

आम्ही काही वेळ गप्प राहिलो. का, ते वाचकांना सांगितलेच पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी हाच प्रश्न दुसऱ्या एका माळकऱ्याने आम्हांस विचारला होता. आम्ही हसून म्हणालो होतो, "अरे, विटेवरचा उभा आहे ना! तो पाहील." त्याने मान डोलावली आणि तो निघून गेला. पुढे मूल आठ महिन्यांचे असताना तो रस्त्यावरच्या अपघातात गेला. मागे बायको, लेकरू आणि म्हातारी आई. स्वकष्टाने घेतलेली थोडी जमीन होती. विमा होता, पण त्यावर नाव लग्नाआधी लावलेले, बापाचे. तो बाप कधीच वारला होता. त्या पोरीने कडेवर मूल घेऊन तलाठ्याकडे आणि कोर्टात किती खेपा घातल्या, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले. तिने आम्हांस शब्दानेही दोष दिला नाही. पण ते वाक्य आमचे होते, आणि ते आम्हांस आजही बोचते. म्हणून हा लेख.

आता पूर्वपक्ष पाहू. कोणी म्हणेल, गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंताने अनन्यभक्ताचा योगक्षेम स्वतःकडे घेतला आहे. मग भक्ताने कागद कशाला करावा? वचन खरेच आहे. पण तो योगक्षेम चालवतो कोणाच्या हातांनी? एकनाथमहाराजांचे आईवडील नाथ तान्हे असतानाच गेले. त्यांना वाढवले आजोबा चक्रपाणींनी. देवाने सांभाळले यात शंका नाही, पण हात आजोबांचे होते. आपल्यामागे लेकराला कोणाचे हात मिळावेत, हे आईबापांइतके कोणाला कळते? ते सांगून ठेवणे म्हणजे देवाच्या कामात ढवळाढवळ नव्हे. त्याच्या हाती काम सोपे करून देणे होय.

दुसरी शंका वैराग्याची. तुकोबारायांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली, मग आम्ही कागद का जपावे? अहो, ती कथा पुरती ऐकावी. परंपरा सांगते की तुकोबांनी आधी खतांचे दोन वाटे केले. धाकट्या भावाचा, कान्होबाचा, वाटा त्याच्या हाती दिला आणि मग केवळ आपला वाटा डोहात सोडला. वैराग्य स्वतःच्या हिश्श्याचे असते. दुसऱ्याचा हिस्सा बुडवला तर ते वैराग्य नव्हे, अन्याय होय. लेकराच्या तोंडचा घास हा आपला वाटा नाही.

तिसरी शंका ममतेची. मृत्युपत्र म्हणजे मेल्यावरही मिळकतीला धरून बसणे, असे काहींना वाटते. आम्हांस उलटे दिसते. त्या कागदात 'माझे' हा शब्द ओळीओळीला येतो, पण दर वेळी तो सोडण्यासाठी येतो. माझे घर यांचे, माझे शेत त्यांचे. शांतपणे लिहिणाऱ्याला तो कागद म्हणजे घरबसल्या वैराग्याचा पाठ आहे.

आणि पाळण्यापाशी मरणाची भाषा अभद्र, असे म्हणणाऱ्या माउलीला एवढेच विचारावे, कीर्तनात आपण रोज दुसरे काय ऐकतो? देह क्षणभंगुर आहे हे टाळ वाजवताना मान्य, आणि घरी आल्यावर अमान्य, हे कसे?

आता व्यवहाराचे. आमच्या जुन्या धर्मशास्त्रात दायविभागाचे प्रकरण आहे, मृत्युपत्र नाही. विज्ञानेश्वरांच्या मिताक्षरेत वडिलार्जित धनावर पुत्राचा हक्क जन्मानेच मानला आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने हिंदूला आपल्या हिश्श्याचे मृत्युपत्र करण्याची स्पष्ट मोकळीक दिली. २००५ सालापासून वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीलाही जन्मतः मुलाइतकाच हक्क आहे. मृत्युपत्र न करता पुरुष गेला, तर बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई यांना सारखा वाटा मिळतो. पोटातले मूलही, जिवंत जन्मल्यास, वारस ठरते. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणबाबा वडिलांच्या मागे जन्मले, असे परंपरा सांगते. त्यांनीच पुढे पालखीची प्रथा घातली. पोटातल्या जिवाला कमी लेखू नये, ते यासाठी.

मग मृत्युपत्र कशाला? मुख्यतः पालकासाठी. बाप गेला तर आई ही नैसर्गिक पालक असतेच. प्रश्न येतो दोघेही गेल्यास. आषाढीला आपण नवराबायको एकाच गाडीने निघतो, हे विसरू नये. बापाने मृत्युपत्रात पालक नेमला, तरी मागे आई असेल तर ती नेमणूक चालत नाही. आईने पुढे दुसरा नेमला, तर तिचा शब्द चालतो. म्हणून दोघांनी विचार करून, आपापल्या स्वतंत्र मृत्युपत्रात, एकच नाव लिहावे. त्या माणसाला आधी विचारावे. श्रीमंत शोधू नये, मायेचा आणि हिशेबाचा चोख शोधावा. अज्ञानाच्या नावची जमीन पालकाला कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. हा अडसर लेकराच्या रक्षणासाठी आहे, त्यावर रागावू नये. पण अडीअडचणीला आईच्या हाती काही मोकळे राहील, अशी तजवीज बापाने आधीच करावी.

कागद अवघड नाही. साधा चालतो, मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक असली तरी केलेली बरी. करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. ज्याला काही मिळणार, त्याला साक्षीला घेऊ नये. पुढे दुसरे मूल झाले, तर हयातीत तो कधीही बदलता येतो. विम्यावर, बँकेत आणि सोसायटीत लावलेली नावे आजच तपासावीत. बँकेतल्या ठेवीवर नाव लागले म्हणजे तो मालक झाला असे नव्हे. तो पैसे स्वीकारतो, ते खऱ्या वारसांना पोचवण्यासाठी. बारकावे जाणत्या वकिलास विचारावेत.

एक ताकीद मात्र देतो. हीच लेखणी हाती आली की कोणी मुलीला वगळतो, कोणी म्हाताऱ्या आईला. कायद्याने स्वकष्टार्जिताचे तसे करता येते, म्हणून ते धर्म्य होत नाही. पुंडलिकाने आईबापांच्या सेवेसाठी देवाला विटेवर थांबवले. त्याच्या दारी जाणाऱ्याने आईचा वाटा कापावा, यासारखी विसंगती नाही. ज्याच्या लेखी आई आणि लेकरू दोन्ही सांभाळली गेली, त्याचेच मृत्युपत्र वारकऱ्याला शोभेल.

त्या रात्री आम्ही त्या तरुणाला एवढेच सांगितले, "बाळा, विटेवरचा पाहीलच. पण त्याला पाहायला तू कागद तरी ठेव." पाळण्याची दोरी हातात असलेली त्याची आई दारात उभी राहून ऐकत होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "महाराज, साक्षीला आमच्या दिंडीचे विणेकरी चालतील का?"

चालतील, माउली. रामकृष्णहरि.