देवाविरुद्धची फिर्याद

1993 सालच्या 29 सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या रात्री, धाराशिव जिल्ह्याच्या उमरगा-लोहारा भागातील गावे गणपती बोळवून उशिरा निजली होती. आणि पहाटेचे चार वाजायला काही मिनिटे असताना धरणी अशी हादरली, की ऊन-पावसापासून रक्षण व्हावे म्हणून पूर्वजांनी मातीत दगड बसवून रचलेल्या हातभराहून रुंद भिंती आणि त्यांवरची जड माळवदे निजलेल्यांच्याच अंगावर कोसळली. सास्तूरपासून शेजारच्या किल्लारीपर्यंत 52 गावे उद्ध्वस्त झाली, सुमारे 8000 माणसे गेली. पाठोपाठ पितृपक्ष लागला. पण ज्या घरात पिंड देणाराच उरला नाही, तेथे श्राद्ध कोणी घालावे?

अशा घरातील एकट्या उरलेल्या माणसाला पुन्हा देवापुढे हात जोडवेना, तर त्याला पापी कोणी म्हणावे? त्याची अश्रद्धा ही गेलेल्यांशी राखलेली निष्ठाच होय. ‘हे पूर्वकर्माचे फळ’ असे त्याला सांगणारा मात्र देवाचा बचाव करण्यासाठी मृतांनाच आरोपी करतो. 1934 च्या बिहार भूकंपास गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटले, तेव्हा त्यांच्याविषयी नितांत आदर असूनही रवींद्रनाथांनी जाहीर विरोध केला, तो याच न्यायबुद्धीने.

देवाला असाच जाब नाझींच्या आउश्वित्स छावणीतही विचारला गेला. तेथला यहुद्यांचा संहार माणसांनी योजून केला, किल्लारी-सास्तूरचा निसर्गाने घडवला. हा भेद मोठाच आहे. तेथे अपराध्यांची नावे घेता येतात, येथे बोट दाखवावे तर आकाशाकडेच. परंतु ‘तू कोठे होतास?’ हा आक्रोश दोन्हीकडे एकच. त्या छावणीत काही विद्वान यहुदी धर्मगुरूंनी ईश्वरावर रीतसर अभियोग चालवला, त्याला दोषी ठरवले आणि मग प्रार्थना केली, असे तेथून वाचलेल्या एली वीझेल यांनी सांगितले आहे. ती प्रार्थना ज्यांना जमली नाही, त्यांचेही दुःख तितकेच पवित्र होते.

धाराशिव जिल्ह्यातीलच तेरच्या संत गोरोबाकाकांच्या कथेत त्यांच्याच पायांखाली चिखलात तुडवले गेलेले मूल विठ्ठल परत देतो. सास्तूरची मुले परत आली नाहीत. म्हणून त्या कथेचा दाखला देऊन कोणा आईकडून श्रद्धेची वसुली करू नये. तिची फिर्याद पाखंड न मानता जो धर्म दाखल करून घेईल, त्यालाच तिच्या दारी उभे राहण्याचा अधिकार आहे.