बगळी कोणी मारली?



आजचं वाचन : महाभारत, वनपर्व. कौशिक ब्राह्मण आणि धर्मव्याध यांचा संवाद.

गेल्या आठवड्यात पुण्याच्या एका ताईने प्रश्न पाठवला. तिने दोन वर्षांपूर्वी तुळशीची माळ घातली. जूनमध्ये कोकणात गावी गेली की आजोबा चढणीचे मासे घेऊन येतात, पोटात गाबोळी असलेले. तिला ते बघवत नाही. ती लिहिते, "आजोबा देवपूजा केल्याशिवाय चहासुद्धा घेत नाहीत. पण त्या दिवशी त्यांच्या पंक्तीला बसावंसं वाटत नाही. ते पाप करतात का?"

ज्यांचं गाव त्या बाजूला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. मृगाचा पाऊस चांगला लागला, पऱ्ये म्हणजे आमच्याकडचे ओढे भरून वाहू लागले, की नदीतले मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात. अंडी घालायला त्यांना उथळ, नवं पाणी हवं असतं. काही तर थेट भाताच्या खाचरात पोचतात. लोक रात्री बॅटरी घेऊन निघतात आणि पाग टाकून त्यांना धरतात. रायगड-ठाण्याकडे यांनाच वलगणीचे मासे म्हणतात. म्हणजे पुढची पिढी जन्माला घालायला निघालेला जीव वाटेतच धरायचा. ताईला बघवत नाही यात तिचं काहीच चुकत नाही. ती कळवळ खरी आहे, आणि ती देवानेच दिलेली आहे.

आता कथा. कौशिक हा वेदपाठी, तपस्वी. झाडाखाली पाठ करत बसला असताना वरून एका बगळीची विष्ठा अंगावर पडली. त्याने रागाने वर पाहिलं आणि बगळी मरून खाली पडली. पुढे तो एका घरी भिक्षेला गेला. ती गृहिणी नवऱ्याच्या सेवेत होती, म्हणून याला थांबावं लागलं. हा पुन्हा तापला. तेव्हा तिने सांगितलं, की मी काही ती बगळी नाही! धर्म शिकायचा असेल तर मिथिलेला जा, तिथल्या व्याधाला भेट. कौशिक गेला, तर तो व्याध खाटकाच्या जागी बसून मांस विकत होता.

मला या कथेत नेहमी एक गोष्ट अडवते. मांस विकणारा सांगतो, की मी स्वतः जीव मारत नाही आणि मांस खातही नाही. कथेत आपल्या डोळ्यांसमोर जीव घेतो तो तपस्वी. त्याच्या हातात ना पाग, ना बाण. त्याच्याकडे फक्त राग होता, आणि "मी शुद्ध आहे" ही खात्री.

कौशिक व्याधाला म्हणतो, हे घोर कर्म तुला शोभत नाही. व्याध ते नाकारत नाही. कर्म घोर आहे हे तो मान्य करतो. पण मग तो शेतीकडे बोट दाखवतो. नांगर जमिनीत शिरतो तेव्हा मातीतले किती जीव मरतात! भाताचा दाणा, तोही जीवच. चालताना पायाखाली किती चिरडतात! हिंसा पूर्ण टाळलेला माणूस त्याला जगात दिसत नाही.

हे मला गावी शब्दशः दिसतं. पावसाआधी भाजावळ होते. तरव्याच्या जागेवर पालापाचोळा, शेण, कवळं पसरून पेटवतात. त्यात किडे-मुंग्या जळतात, एखादा सरडाही सापडतो. नंतर चिखलणीत बेडूक, खेकडे तुडवले जातात. माझ्या आईने लावलेल्या पडवळाच्या वेलाला कीड लागली की तीही राख आणि गोमूत्र घेऊन निघते. त्या वरण-भाताला आपण सात्त्विक म्हणतो, आणि म्हणावंच. पण त्या ताटाच्या मागे मरण नाही असं म्हणता येत नाही. शहरात आपल्याला ते दिसत नाही, एवढंच. भाजीवर फवारलेलं औषध आपण मारलेलं नसतं, ते दुसऱ्या कुणाच्या हातून झालेलं असतं.

मग प्रश्न येतो : सगळेच मारतात, तर काहीही चालतं का? नाही. इथे बरेच जण घाई करतात. व्याधाने सगळं सारखं आहे असं म्हटलेलं नाही. तो स्वतः मारत नाही, खात नाही, आईवडिलांची सेवा करतो. हिंसा पूर्ण सुटत नाही हे कळल्यावर त्याने आपली मर्यादा जास्त कडक केली, सैल केली नाही.

हीच मर्यादा आपल्या मातीतही सापडते. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथले मोठे मासे वरदायिनी देवीचे मानतात, कोणी धरत नाही. वाडा तालुक्यात तिळसे इथे वैतरणेच्या पात्रात महादेवाच्या देवळापाशी मासे असेच राखलेले आहेत. आजूबाजूचे हे लोक काही सगळे शाकाहारी नाहीत. पण इथे हात आवरायचा, हे त्यांना ठाऊक आहे. समुद्रावर कोळी बांधव नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून मग होडी लोटतात. आज यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस बंदी असते, तीही माशांच्या विणीसाठीच. आमचे मोठे काका सांगायचे, पऱ्या कधी पुरता आडवायचा नाही, एका बाजूने वाट सोडायची. वर जाणाऱ्याला जाऊ द्यायचं. आणि त्याच पऱ्यात ब्लिचिंग पावडर ओतून पिल्लांसकट सगळं मारणारेही लोक आहेत. दोघंही मासेच धरतात. पण दोघांचा धर्म एक नाही.

म्हणून ताई, माझं उत्तर असं. माळ सोडू नकोस, मासा खाऊ नकोस. पण पंक्तीला बस. तुझी माळ तुझ्या जिभेला बांध म्हणून आहे, आजोबांना मोजायची ती दोरी नाही. ज्या क्षणी ती दोरी होईल, त्या क्षणी झाडावरची बगळी पडलीच समज.

आणि गप्पही बसू नकोस. आजोबांना प्रेमाने विचार, "तुमच्या लहानपणी किती मासे चढायचे? आता किती चढतात?" उत्तर त्यांचं त्यांनाच ऐकू येईल. मग म्हण, "आजोबा, यंदा गाबोळीवाले परत सोडूया का?" ते हो म्हणतील की नाही, मला माहीत नाही. पण नातीच्या रागापेक्षा हा प्रश्न त्यांच्या मनात जास्त दिवस राहील.

त्या माशाचं मरण यामुळे पुसलं जात नाही. तो सल राहू दे. सल राहतो तोवर दया जिवंत असते.

आजची साधना : जेवायला बसल्यावर पहिल्या घासाआधी क्षणभर थांबा. या ताटासाठी कोणाकोणाचा जीव गेला, कोणाकोणाचा घाम गेला, ते आठवा. मग हात जोडा, आणि पानात काही टाकू नका.

राम कृष्ण हरी.