पुस्तकांचा पंक्तिभेद

एखादा लेखक आपण वर्षानुवर्षं टाळतो आणि का टाळतो, हे स्वतःला कधी विचारत नाही. त्याचं एकही पुस्तक उघडलेलं नसतं, तरी मत मात्र ठाम असतं. तो खूप खपतो, रहस्यकथा लिहितो, गाडीत वाचला जातो, एवढ्यावरच निकाल लागलेला असतो. आपल्या मराठीत सुहास शिरवळकरांच्या वाट्याला हे फार आलं.

शिरवळकर (१९४८–२००३) पुण्याचे. दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, बॅरिस्टर अमर विश्वास या त्यांच्या नायकांनी एका पिढीला वाचनाचं वेड लावलं. वाचनालयांत त्यांची पुस्तकं हातोहात फिरत. पण ‘रहस्यकथावाला’ हा शिक्का बसला तो बसलाच. १९८२ साली आलेल्या ‘दुनियादारी’त गुप्तहेर नाही. तिथे कॉलेजचा कट्टा आहे, श्रेयस आणि दिग्याची दोस्ती आहे, दारूत बुडालेला एम. के. श्रोत्री आहे. तरुणांनी ती कादंबरी डोक्यावर घेतली, समीक्षेने मात्र फारशी दखल घेतली नाही. तिच्यावरचा संजय जाधव यांचा चित्रपट २०१३ साली आला, तेव्हा लेखकाला जाऊन दहा वर्षं झाली होती. २०२० मध्ये त्यांच्या ‘समांतर’ या कादंबरीवर वेबमालिका आली. इतकी वर्षं दूर राहिलेल्या अनेकांनी मग कुठे त्यांची पुस्तकं हातात घेतली. मीही त्यांच्यापैकीच एक.

वाचल्यावर माझं जे मत झालं ते सांगतो. काही ठिकाणी नाट्य भडक आहे, काही योगायोग फार सोयीचे आहेत. पण संवाद जिवंत आहेत आणि माणसं मनातून हलत नाहीत. ‘समांतर’ने घातलेला पेच तर साधा नव्हे. दुसऱ्या कुणाचं जगून झालेलं आयुष्यच आपलं भविष्य असेल, तर आपल्या हातात उरतं काय? दैव मोठं की कर्तृत्व, हा प्रश्न आपल्या कीर्तनकारांनी आणि तत्त्वचिंतकांनी पिढ्यान्‌पिढ्या चर्चिला. तोच प्रश्न या लेखकाने थरारकथेच्या वाटेने सामान्य वाचकाच्या घरात नेला.

न वाचण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. आयुष्य थोडं आणि पुस्तकं अफाट, तेव्हा निवड करावीच लागते. पण न वाचता निकाल देण्याचा हक्क कुणालाच नाही. याचा एक धडा आपल्याला न्यायालयाने दिलेला आहे. चंद्रकांत काकोडकर हेही भरपूर खपणारे लेखक. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकातल्या त्यांच्या ‘शामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायमूर्तींनी कथा समग्र वाचली. तिचा वाङ्मयीन दर्जा फार उंच नसेल, पण ती अश्लील नाही, असं म्हणून १९६९ साली त्यांनी लेखकाला दोषमुक्त केलं. कथा न आवडणं वेगळं आणि ती दोषी ठरणं वेगळं, हा विवेक त्यांना राखता आला, कारण त्यांनी आधी वाचलं होतं.

आमच्या कल्याण-बदलापूर पट्ट्यातल्या लोकांना तर हा विषय जास्त कळायला हवा. उल्हासनगरच्या मालाला ‘डुप्लिकेट’ म्हणून नाकं मुरडणारे किती जण त्या बाजारात कधी फिरले आहेत? फाळणीत घरदार गमावलेल्या सिंधी कुटुंबांनी कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत संसार मांडले, १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं, आणि त्याच माणसांनी शून्यातून उद्योग उभे केले. न पाहता गावाला नावं ठेवणं आपल्याला लागतं. मग न वाचता लेखकाला नावं ठेवणं आपण कसं चालवून घेतो?

यातला खरा अन्याय लेखकापुरता थांबत नाही, तो वाचकावरही होतो. बदलापूर ते सीएसएमटी हा लोकलचा प्रवास सुमारे ६८ किलोमीटरचा. भल्या पहाटे डबा भरून निघालेला माणूस अंबरनाथला गर्दीत अंग चोरून उभा राहतो आणि एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हातात पुस्तक उघडतो. ते पुस्तक रहस्यकथा असेल तर आपण म्हणतो, ‘हे काय वाचन झालं?’ अशा वेळी आपण त्याच्या थकव्याचा, त्याच्या आनंदाचा आणि त्याच्या बुद्धीचा अपमान करतो. रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकरांच्या एक हजार ब्याण्णव पुस्तकांची नोंद गिनीज बुकाने घेतली. ती वाचणारे लोक मूर्ख नव्हते. झुंजार आणि काळापहाड या त्यांच्या नायकांमागे धावता धावता त्यांना मराठी वाचायची गोडी लागली आणि त्यातले कितीतरी पुढे इतर साहित्याकडे वळले. जे वळले नाहीत, त्यांचं वाचनही वाचनच होतं.

पंगतीत उच्चनीच बघून वाढणं आपण अधर्म मानतो. पुस्तकांच्या पंक्तीत मात्र तो भेद आपण राजरोस पाळतो. चांगलं-वाईट जरूर ठरवावं, पण ते पान वाढून झाल्यावर, चव घेतल्यावर.

बदलापूरला श्याम जोशी यांनी उभं केलेलं ‘ग्रंथसखा’ वाचनालय जुनी, दुर्मिळ मराठी पुस्तकं जपण्यासाठी महाराष्ट्रभर ओळखलं जातं. तिथे जा, किंवा घराजवळच्या कुठल्याही वाचनालयात जा. ज्या लेखकाचं नाव ऐकून आजवर मान फिरवली, त्याचंच एक पुस्तक मागून घ्या. निदान पन्नास पानं मन लावून वाचा. नाही आवडलं तर खुशाल परत करा आणि का आवडलं नाही ते स्पष्ट सांगा. ते मत मात्र तुमचं स्वतःचं असेल.