तलाकनंतर संपत्तीचा हिशेब आणि ईशभय



आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात एखादा निकाह मोडतो, तेव्हा दोन्हीकडची वडीलधारी माणसे जमातीच्या पंचांसमोर बसतात. कपाट, पलंग, भांडी, सोने यांची यादी वाचली जाते. मेहरची रक्कम मोजली जाते, इद्दतचा खर्च ठरतो, सह्या होतात आणि मंडळी उठतात. आता समजा, हे दांपत्य राहुरी तालुक्यातील एका खेड्यातले आहे. बारा वर्षे त्या भगिनीने पतीबरोबर कांद्याची लागवड केली, पहाटे उठून गायींच्या धारा काढल्या, बोअरवेलसाठी स्वतःच्या बांगड्या गहाण ठेवू दिल्या. त्या कमाईतून दोन खोल्यांचे पक्के घर उभे राहिले. घर पतीच्या नावावर आहे. यादीत कपाट आले, पण ती बारा वर्षे आली नाहीत. त्या घरात तिचे काही आहे काय, या प्रश्नावर आपण आज शांतपणे विचार करू या.

इस्लामचे मूलतत्त्व स्पष्ट आहे. निकाहाने दोन जीव एकत्र येतात, परंतु त्यांची मालमत्ता एक होत नाही. पत्नीचा मेहर, माहेरची भेट, वारसाहक्काचा वाटा आणि तिची स्वतःची कमाई ही तिचीच राहते. इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीला स्वतंत्र मालमत्ता बाळगण्याचा पूर्ण हक्क १८८२ च्या कायद्याने मिळाला. कुरआनने तो चौदा शतकांपूर्वीच दिला होता. पुरुषांना त्यांच्या कमाईचा आणि स्त्रियांना त्यांच्या कमाईचा वाटा आहे, ही शिकवण सूरह निसाच्या ३२ व्या आयतीत आहे.

म्हणून पहिले कर्तव्य परत करण्याचे आहे. पत्नीला ढीगभर संपत्ती दिलेली असली तरी विभक्त होताना तिच्यातून काहीही काढून घेऊ नये, अशी ताकीद याच सूरहच्या २० व्या आयतीत आली आहे. गहाण पडलेल्या बांगड्या तिने बक्षीस दिल्या नसतील, तर त्या पतीवरील कर्ज आहेत, आणि कर्ज तलाकने फिटत नाही. देशाचा कायदाही येथे हेच सांगतो. १९८६ च्या मुस्लिम महिला कायद्याच्या कलम ३ नुसार मेहर तर द्यावाच लागतो. शिवाय विवाहापूर्वी, विवाहाच्या वेळी किंवा नंतर नातलगांनी, मित्रांनी वा पतीने तिला दिलेल्या सर्व वस्तूंवर तिचा हक्क असतो. त्यासाठी ती दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकते. तिच्या भावी निर्वाहाची वाजवी तरतूद पतीने इद्दतच्या मुदतीतच केली पाहिजे, असा या कलमाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये डॅनियल लतीफी खटल्यात लावला.

अवघड प्रश्न त्यानंतरचा आहे. दोघांच्या श्रमातून जे वाढले, ते कोणाचे? हनफी फिकहमध्ये इब्न आबिदीन यांच्यासारख्या विद्वानांनी, पत्नीची वेगळी कमाई नसेल तर ती पतीच्या कामात मदतनीस समजली जाते आणि मिळकत पतीची ठरते, असे मत नोंदवले आहे. या मताचा आपण आदर करतो. परंतु उम्मतमध्ये हे एकच मत नव्हते. सोळाव्या शतकात मोरोक्कोतील मालिकी विद्वान इब्न अर्दून यांनी शेतात राबणाऱ्या डोंगरी स्त्रियांना उत्पन्नात वाटा असल्याचा फतवा दिला. तेथे या हक्काला कष्ट आणि प्रयत्न यांचा हक्क म्हणतात. मोरोक्कोच्या २००४ च्या कुटुंब कायद्यात दोघांची मालमत्ता स्वतंत्र मानूनही, करार नसल्यास प्रत्येकाचे काम आणि परिश्रम लक्षात घ्यावेत, अशी तरतूद आहे. इंडोनेशियात १९९१ च्या इस्लामी कायदासंहितेनुसार घटस्फोटानंतर संसारात मिळवलेल्या संपत्तीचा अर्धा-अर्धा वाटा होतो. मात्र वेगळा करार असल्यास तो पाळला जातो.

यावरून आपल्याकडे सरसकट निम्मा वाटा ठरतो, असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की, सातबाऱ्यावर किंवा घराच्या उताऱ्यावर कोणाचे नाव आहे एवढे पाहून हिशेब संपवणे हा शरियतचा न्याय नव्हे. पैसा कोणी घातला, कोणत्या समजुतीने घातला, कोण किती राबले, हे विचारणे पंचांचे काम आहे. आणि जेथे फिकहचा निवाडा पतीच्या बाजूने जातो, तेथेही एक दार उघडे राहते. घटस्फोटित स्त्रीला प्रचलित रीतीनुसार काही देणे हे ईशभय बाळगणाऱ्यांचे कर्तव्य असल्याचे सूरह बकराच्या २४१ व्या आयतीत सांगितले आहे. याच सूरहच्या २३७ व्या आयतीत, विभक्त होतानाही आपसातील औदार्य विसरू नये, असा उपदेश आहे. संसार सुखाचा असताना औदार्य सोपे असते. त्याची कसोटी तो मोडतानाच लागते.

ही जबाबदारी एकतर्फी नाही. साबित बिन कैस (रजि.) यांच्या पत्नीने विभक्त होण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तिला मेहरमध्ये मिळालेली बाग परत करण्यास सांगितले. यादीत न दिलेल्या वस्तू घुसडणे किंवा खोटी तक्रार करणे हादेखील जुलूमच आहे. तसेच पत्नीला त्रास देऊन खुला मागायला लावणे आणि मेहर वाचवणे हे सूरह निसाच्या १९ व्या आयतीने निषिद्ध ठरवले आहे.

यावरचा उपाय निकाहाच्या दिवसापासूनच सुरू होतो. कुरआनमधील सर्वांत मोठी आयत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. ती पती-पत्नींनाही लागू पडते. निकाहनाम्यासोबत तिच्या वस्तूंची यादी करा. तिचे सोने घराच्या कामी लागले तर चार ओळी लिहून साक्षीदारांच्या सह्या घ्या. दोघांच्या कष्टाची जमीन वा घर घेताना दोघांची नावे लावा. यात अविश्वास नाही. उद्या कोणाच्या हातून अन्याय घडू नये, याची ही काळजी आहे.

पंचांसमोरची यादी एका दुपारी संपते. अल्लाहसमोरच्या यादीत मात्र पहाटेची प्रत्येक धार आणि गहाण पडलेली प्रत्येक बांगडी लिहिलेली असेल. तो दिवस येण्यापूर्वी आपला हिशेब चुकता करण्याची सद्बुद्धी अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.