कणगीचा तळ

घरात धान्य किती उरले आहे, हे घरातल्या सर्वांना सांगावे की नाही? प्रश्न वरवर घरगुती वाटतो. परंतु कणगीच्या जागी देशाचा कोळसा ठेवला, की तोच नीतीचा होऊन बसतो.

मी राजूरचा. वणी तालुक्यातल्या आमच्या या गावाला पुष्कळ लोक ‘राजूर कॉलरी’ म्हणूनच ओळखतात. कोळशाशी असा शेजार असल्यामुळे, केंद्रीय विद्युत प्राधिकरण औष्णिक केंद्रांतील साठ्याचा जो तक्ता रोज प्रसिद्ध करते, तो वाचण्याची मला सवय जडली आहे. कुठे किती टन कोळसा आहे, तो किती दिवस पुरेल, हे सारे त्यात असते. आमच्या जवळच्या चंद्रपूरचेही. “काय गुरुजी, आज किती दिवसांचा?” असे शेजारी गमतीने विचारतात.

ऑक्टोबर २०२१ मध्ये ती गंमत उरली नाही. खाणींत पावसाचे पाणी, विजेची वाढलेली मागणी, परदेशी कोळसा महागलेला. देशातील १३५ केंद्रांपाशी सरासरी सुमारे ४ दिवसांचाच साठा होता. माझे एक स्नेही चिडून म्हणाले, “असले आकडे चव्हाट्यावर कशाला मांडायचे? शत्रू वाचतो आणि आपली माणसे घाबरतात.”

त्यांचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नाही. आपल्या आयांनीही कणगीचा तळ दिसू लागल्याचे कधी बोलून दाखवले नाही. पण वाचकहो, त्या माउलीने पुढे काय केले तेही आठवा. शेवटची भाकरी तिने मुलांच्या ताटात वाढली आणि स्वतः पाणी पिऊन निजली. तूट स्वतः सोसूनच तिने ती लपवण्याचा अधिकार मिळवला होता.

राज्याने आकडा लपवला तर तूट कोण सोसणार? भारनियमनाच्या वर्षांत मुंबई बहुतेक उजळलेली असे, आणि ज्या विदर्भातून कोळसा निघतो तिथल्या खेड्यांत तासन्‌तास काळोख. शत्रूला तर कोळशाचे ढीग उपग्रहातून दिसतात. अजाण राहतो तो आपलाच माणूस. म्हणून आकडा उघडा असावा, आणि सरासरीच्या आड दडलेलाही दिसावा. सरासरी चार दिवसांची असली, तरी एखाद्या केंद्रापाशी एक दिवसाचाही कोळसा नसतो.

मात्र उघडा आकडा वाचणाऱ्यावरही ऋण चढवतो. टंचाईची कुणकुण लागताच जो धावत जाऊन जादा सिलिंडर घरी आणून ठेवतो, त्याला आकडा कळला. त्याचा अर्थ कळला नाही. तूट सर्वांना ठाऊक असावी ती एवढ्याचसाठी, की ती सर्वांना वाटून घेता यावी. तेल थोडे असेल तर आपल्या वाती बारीक कराव्यात. शेजारच्या पणतीतले ओतून घेऊ नये.