विवाहाची शपथ व खोटी साक्ष
(पाठ : मत्तय १९ : ३ ते १२)



समलिंगी विवाहास कायद्याची मान्यता असावी की नसावी हा वाद दिल्ली-मुंबईच्या लोकांचा आहे, आपल्या मानोऱ्याच्या कापूस-तुरीच्या शिवारात त्याचे काय काम, असे कित्येकांस वाटते. परंतु २०१७ च्या डिसेंबरअखेर आपल्या शेजारच्या यवतमाळ शहरातच, परदेशी स्थायिक झालेल्या एका गृहस्थाने दुसऱ्या पुरुषाशी लग्नसमारंभ केला, व ते वर्तमान सर्व वऱ्हाडात पसरले. त्या विधीस ह्या देशाच्या कायद्यात विवाह म्हणून स्थान नव्हते व आजही नाही. तथापि ज्या गोष्टीविषयी बाजारात व एस. टी. मध्ये बोलणे चालते, तिजविषयी मंडळीत मुके बसणे पाळकास शोभत नाही.

प्रथम कायद्याची स्थिती सांगतो, कारण मोबाइलवरून भलत्याच गोष्टी फिरत असतात. १८६० च्या दंडसंहितेत इंग्रज सरकारने ३७७ वे कलम घातले होते. सज्ञान माणसांनी परस्परसंमतीने एकांतात ठेवलेला असा संबंध हा गुन्हा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी ठरविले. पुढे १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली अशा जोडप्यांचा विवाह नोंदावा, असे अर्ज आले. त्यांच्या सुनावणीच्या सुमारास, आपली उत्तर भारतीय मंडळी जिची घटक आहे त्या कम्युनियन ऑफ चर्चेस इन इंडिया ह्या संस्थेने राष्ट्रपतींस पत्र लिहून विरोध कळविला. जमियत उलेमा-ए-हिंदनेही न्यायालयात विरोध केला. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड व त्यांचे चार सहकारी यांनी १७ ऑक्टोबर २०२३ रोजी निकाल दिला. विवाह करण्याचा मूलभूत हक्क घटनेत नाही व कायदा बदलणे हे संसदेचे काम आहे, ह्यावर पाचही जणांचे एकमत झाले. फेरविचाराचे अर्जही ९ जानेवारी २०२५ रोजी नामंजूर झाले.

आमची शिकवण स्पष्ट आहे. विवाहाविषयी प्रभूस विचारले असता त्याने लोकांस उत्पत्तीच्या आरंभाकडे नेले : देवाने नर व नारी अशी मनुष्ये केली, व त्या दोघांस एकदेह केले. मंडळीला हे दान मिळाले आहे. तिने ते घडविलेले नाही, म्हणून ते बदलण्याचा अधिकार मी तरी तिच्या हाती पाहत नाही. ख्रिस्ती जनांतही निराळे मत असलेले लोक आहेत, आणि नागपुरास ठाणे असलेली नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडिया ही संस्था अशा लोकांचा धिक्कार करू नका असे मंडळ्यांस सांगत आली आहे. त्या सांगण्यास माझा आक्षेप नाही. विवाहाची व्याख्या बदलण्यास मात्र आहे.

असो. परंतु तो अध्याय नीट वाचा. परूश्यांनी प्रभूस काय विचारले होते? बायको टाकावी की नाही! म्हणजे जे वचन आपण दुसऱ्यांवर उगारतो, ते प्रथम लग्न झालेल्या पुरुषांस उद्देशून आहे. आणि त्याच संभाषणाच्या शेवटी, शिष्य चकित झाले असता, प्रभू म्हणाला की विवाह सर्वांकरिता नाही. कित्येक जण आईच्या उदरापासूनच त्यासाठी नसतात. हे बारावे वचन आपल्या गावांत कोण वाचतो? आपल्याकडे मुलाचे मन स्त्रीकडे वळत नाही असे घरच्यांच्या ध्यानात आले, की चुलते-मामे जमतात व एकच औषध सांगतात : "लग्न लावून द्या, म्हणजे सुधारेल."

बंधूंनो, हे औषध कोणाच्या जिवावर दिले जाते? दूरच्या एखाद्या गरीब मंडळीतली मुलगी पाहिली जाते. तिचा बाप शेतमजूर, हुंडा मागितला नाही म्हणून तो उलट आभार मानतो. तिला काही सांगितले जात नाही. वर्ष जाते, दोन वर्षे जातात. पाळणा हलला नाही म्हणून सासू तिलाच बोलते, यवतमाळला व अकोल्यास डॉक्टरांकडे तिलाच नेतात, उपासतापास तिच्याच माथी येतात. आणि नवरा, ज्याने हे मागितलेच नव्हते, तो अंगणात खाट टाकून पडतो. दोन जीव नासले. समलिंगी विवाह नको म्हणून ज्या घराने मोठ्याने विरोध केला, त्याच घराने विवाहाचा हा अपमान केला. पहिल्या गोष्टीपेक्षा दुसरी मला अधिक भयंकर वाटते, कारण ती वेदीपुढे, ख्रिस्ताच्या नावाने झाली.

१८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे एतद्देशीय ख्रिस्ती वधूवरांनी दोन विश्वासू साक्षीदारांदेखत एकमेकांस नवरा-बायको म्हणून पतकरल्याचे वचन द्यावयाचे असते. मलाखी संदेष्टा तर सांगतो की, पुरुष व त्याच्या तरुणपणीची बायको ह्यांमध्ये परमेश्वर स्वतः साक्षी असतो. जाणूनबुजून लपवून लावलेल्या लग्नात बाप, मध्यस्थ व कधी कधी उपदेशकही नववी आज्ञा मोडतात. सरकारी कायद्यालाही हे कळते : बळजबरीने किंवा फसवून घेतलेल्या संमतीचा विवाह १८६९ च्या घटस्फोट कायद्याखाली न्यायालय रद्द ठरवू शकते. पण कारंजा-वाशीमच्या कोर्टाच्या पायऱ्या चढण्याचे बळ त्या मुलीस कोठून यावे?

"बदलून देतो" म्हणून पैसे घेणाऱ्यांच्या नादीही लागू नका. हा मानसिक रोग नव्हे असे भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संस्थेने २०१८ मध्ये जाहीर केले आहे, व अशा तऱ्हेचे उपचार करणे हे डॉक्टरांचे गैरवर्तन आहे असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये ठरविले आहे. मुलास मारणे, कोंडणे, घराबाहेर काढणे ह्यांना तर शास्त्रात तिळमात्र आधार नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायातील कूशी षंढाच्या रथात फिलिप्प चढून बसला, व पाणी दिसताच त्याचा बाप्तिस्मा केला. आधी त्याची सोयरीक जुळविली नाही. २०२४ मध्ये सरकारने अशा जोडीदारांस रेशनकरिता एका कुटुंबातले मानावे व बँकेत एकत्र खाते उघडू द्यावे असे कळविले. कोणाच्या ताटातले धान्य अडविण्याने विवाहाचे पावित्र्य राखले जाते असे मला वाटत नाही.

आता उपदेशक बंधूंस कामाचे सांगतो. उपासनेत लग्नाची सूचना वाचण्यापूर्वी वर व वधू ह्यांस निरनिराळे भेटा. वडीलधाऱ्यांस ओट्यावर बसू द्या. मुलीजवळ आपली पत्नी किंवा मंडळीतील एखादी वडील बाई असू द्या. दोघांस एकच विचारा : हे लग्न तू आपल्या मनाने करतोस काय, करतेस काय, आणि जोडीदारापासून काही लपविले आहे काय? मुलाने खरे सांगितले, तर ते त्याच्या संमतीवाचून बाहेर जाऊ देऊ नका. परंतु सूचनाही वाचू नका. त्यावर बाप रागावेल, वर्गणी बंद करीन म्हणेल, करू द्यावी. मांडव पडला असेल, आचाऱ्यास बयाणा गेला असेल, तरीही. आणि त्या मुलास पुढच्या रविवारी शेवटच्या बाकावर एकटा बसलेला पाहाल, तर त्याच्या शेजारी जाऊन बसा.