पाइपच्या दोन्ही टोकांना

लखनौला आलमबागच्या बसस्थानकात गाडीला अवकाश असेल, तर लॅपटॉप मांडीवर घ्या. विम हा एडिटर उघडा. पायथनची एक स्क्रिप्ट जॉब म्हणून सोडायची आज्ञा लिहा, पण एंटर दाबू नका. पुढे काय होणार आहे ते आधी मनात सावकाश पाहा.

एडिटर फोर्क करतो. क्षणभर तो दोन ठिकाणी असतो. मग नवी प्रक्रिया एक्झेक करून पायथन होते आणि दोघांची मेमरी कायमची वेगळी होते. मधे उरतात तीन पाइप: एकातून मजकूर जातो, दुसऱ्यातून उत्तर येते, तिसऱ्यातून चुका येतात. या वेगळेपणावर मन ठेवा. स्क्रिप्ट कोसळली तरी एडिटर उभा राहतो, तो या वेगळेपणामुळेच. मला ही रचना फार शहाणपणाची वाटते.

याच आलमबागेने असा संवाद पूर्वी पाहिला आहे. नोव्हेंबर १८५७ मध्ये वेढ्यात अडकलेली रेसिडेन्सी आणि आलमबागेतली इंग्रज तुकडी सेमाफोरच्या हातांच्या खुणांनी बोलत होत्या. मधला मुलूख बंडवाल्यांच्या हाती होता. खूण कुठे सुरू होते, कुठे संपते, हे दोन्हीकडे आधीच ठरलेले नसते, तर ते हात नुसते हलत राहिले असते.

आता पाइपकडे परत या. तुम्ही ओळ पाठवली आणि उत्तर येत नाही. घाई करू नका, दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहा. पायथनने उत्तर तयार केलेले असते. पण समोर टर्मिनल नसून पाइप आहे म्हणून ते बफरमध्ये साठवून ठेवलेले असते. फ्लश केले की ते येते. किंवा स्क्रिप्ट इनपुट संपायची वाट पाहत असते आणि तुम्ही तुमचे टोक बंदच केलेले नसते. याहून अवघड गाठ एक आहे. लिनक्सवर पाइपमध्ये साधारणपणे ६४ किलोबाइट मावतात. एडिटर न वाचता लिहीतच राहिला आणि स्क्रिप्टही उत्तरे लिहीत राहिली, तर दोन्ही पाइप भरतात आणि दोघेही एकमेकांसाठी अडून बसतात. म्हणून लिहिता लिहिता वाचत राहायचे.

ब्राम मोलेनार यांच्या विमला ही न थांबता ऐकण्याची सोय २०१६ च्या ८.० आवृत्तीत मिळाली.

आता एंटर दाबा. स्क्रिप्टमधल्या प्रत्येक उत्तरानंतर फ्लश आहे ना, तेवढे आधी पाहून घ्या.